कुंदा तायवाडेचं शिफारसपत्र

कुंदा तायवाडेला माझ्या एका सहीतून काय काय मिळणार होतं, ते मी तिचा कागद हातात येण्याआधीच मोजून ठेवलं होतं. आठ आठवडे विद्यापीठात संशोधनाची इंटर्नशिप. राहायला मुलींचं वसतिगृह. डॉ. अस्मिता चौबळ यांच्या प्रयोगशाळेत स्वतःचं एक टेबल, आणि काम बरं झालं तर पुढं एम.एस्सी.लाही तिथंच जागा. चौबळ मॅडमनी हाताखाली घेतलेलं पोर वाया जात नाही, हे आमच्या रसायनशास्त्राच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला? विभागाच्या वार्षिक अहवालात एक ओळ: 'विद्यापीठाच्या संशोधन इंटर्नशिपसाठी एका विद्यार्थिनीची निवड.' आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात ही ओळ वर्षानुवर्षं कोरी राहते. म्हणजे सही करण्यात तिचा फायदा मोठा, माझा लहान, आणि नुकसान कुणाचंच नाही, असा तो सरळ मामला होता.

"सर, पत्र आणलं," ती स्टाफरूमच्या दारातून म्हणाली.

२००९चा फेब्रुवारी. बाहेर भूगोलाचे सर मोटारसायकल चालू ठेवून हॉर्न वाजवत होते. संस्थेच्या सचिवांच्या मुलीचं लग्न होतं जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथं कोण जेवून गेलं हे कुणी बघत नसे, कोण आलं नाही हे मात्र वर्षभर लक्षात राही.

"ठेव इथं." मी पेन काढलं.

"सर, एकदा वाचून घ्या ना."

"वाचायचं काय त्यात? स्वतःची निंदा थोडीच केली असशील."

"तसं नाही सर. पण शेवटचा परिच्छेद तरी बघा."

"अगं, ते सर हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवतील." मी सही केली, विभागाचा शिक्का मारला, तारीख घातली. "बाबूंकडून जावक नंबर घे, एक झेरॉक्स फाईलला दे आणि आजच पोस्टात टाक. जा."

ती उभीच राहिली. कागदाकडं बघत होती. मग "बरं सर," म्हणाली आणि गेली. लग्नात जिलबी चांगली होती.

शिफारसपत्र मागायला आलेल्या पोराला 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सांगायची पद्धत मी सुरू केलेली नाही. माझ्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं, आणि मी स्वतःबद्दल 'अत्यंत बुद्धिमान' असं लिहून त्यांच्यापुढं ठेवलं होतं. त्यांनी 'अत्यंत' तेवढं खोडलं. कुंदाला मी चार दिवस आधी तेच सांगितलं, तेव्हा ती गोंधळली.

"सर, माझ्याबद्दल मीच काय लिहू?"

"चार चांगल्या ओळी. मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. हा घे, गेल्या वर्षीचा नमुना."

तिनं तो उभ्या उभ्या वाचला. "सर, हे प्रवीणदादाचं आहे ना? तो तर अकराच्या आत कधी यायचाच नाही."

"पत्रात येतो ना वेळेवर? मग झालं."

ती हसली. हसताना ओढणी तोंडावर धरली. ती नेहमी तशी हसायची. तिच्या गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं आणि तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असत. तिच्या दातांवर होते, धाकट्या भावाच्या दातांवर तर जास्तच. चौबळ मॅडम नेमकं त्याच पाण्यावर काम करत होत्या. इंटर्नशिपच्या अर्जात 'कोणत्या प्राध्यापकांकडे आणि का' असा रकाना होता. बाकीची पोरं तो रकाना माझ्याकडून भरून घ्यायची. हिनं स्वतः भरला होता, दीड पान, वर चिकटवलेल्या जादा कागदासकट.

"मग सर, मी खरं लिहू?" नमुना परत करत तिनं विचारलं.

"लिही बाई, खरंच लिही. खोटं लिही असं कोण म्हणतंय?"

आता तिच्या खऱ्याची मला आधीपासून ओळख होती, हेही सांगायला हवं. टायट्रेशनचा प्रयोग तीन वेळा करायचा असतो. ब्युरेट म्हणजे खुणा केलेल्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या फ्लास्कमध्ये रंग बदलला की तोटी बंद करायची आणि किती द्रावण लागलं ते लिहायचं. तिन्ही वेळा आकडा जुळला की ते पक्कं रीडिंग. आमच्याकडं पोरं प्रयोग एकदाच करत आणि तोच आकडा तीनदा लिहीत. दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक दोन. पहिलं रीडिंग खरं, बाकी दोन त्याची सावली. मला माहीत होतं, परीक्षकांना माहीत होतं, लॅबच्या शिपायालाही माहीत होतं. पंचेचाळीस पोरं, सहा ब्युरेट, दोन तास. गणित सोपं होतं.

कुंदाच्या जर्नलमध्ये मात्र दहा पूर्णांक सहा, दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक तीन.

"हे काय?" मी विचारलं होतं.

"आलं तसं लिहिलं सर."

"जुळवून घे."

"चौथं घेऊ का सर? पहिल्या वेळी नळीत बुडबुडा राहिला असेल."

"चौथं घ्यायला रात्र करशील. जुळवून घे म्हणतोय ना."

"मग सर, तीन वेळा करायचं कशाला?"

अख्खी बॅच हसली. मीही हसलो आणि तिच्या जर्नलवर दोन गुण कमी दिले. पोरगी हट्टी होती, हुशार होती की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौबळ मॅडमचा फोन आला. मी त्यांना आधी दोनदाच पाहिलं होतं, तेही सभागृहात लांबून.

"धांडे सर? कुंदा तायवाडेसाठी पत्र पाठवलंय, ते तुम्ही लिहिलंय?"

"हो मॅडम, अर्थातच."

"स्वतः?"

"शिफारसपत्रं मी स्वतःच लिहितो मॅडम." खुर्चीत मी जरा ताठ बसलो.

"मग तुमचं अभिनंदन करायला फोन केलाय. माझ्याकडं एकशे चाळीस अर्ज आलेत. एकशे एकोणचाळीस पोरं मेहनती, प्रामाणिक आणि वेळेची पक्की. मला कळत नाही, महाराष्ट्रात आळशी पोरं जातात कुठं! आणि एक तुमची. तिच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की ती हळू काम करते."

"अं... हो."

"आणि पुढं स्वतःच्या लॅबबद्दल जे लिहिलंत, त्याला छाती लागते हो. बावीस वर्षांत असं पत्र मी पाहिलं नाही. मला ही मुलगी हवीच आहे. यादी पंधरा दिवसांनी लागेल, पण तुम्ही तिला सांगून टाका. आणि तुमचं पत्र मी आमच्या विभागात दोघा-तिघांना दाखवणार आहे. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवून मी थेट कार्यालयात गेलो. "बाबू, ते तायवाडेच्या पत्राची झेरॉक्स काढा जरा." बाबूंनी फाईल काढून दिली. पत्र इंग्रजीत होतं, कच्च्या पण सरळ इंग्रजीत. मराठीत ते साधारण असं होईल:

'कुंदा तायवाडे माझी विद्यार्थिनी आहे. ती हळू काम करते. दोन तासांच्या कामाला तिला तीन तास लागतात. तिचं इंग्रजी चांगलं नाही. तिच्या हातून एक ब्युरेट फुटली आहे. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी एक रीडिंग घेतात आणि उरलेली दोन त्यावरून लिहितात. सगळे असं करतात आणि आम्ही ते चालवून घेतो. कुंदा तसं करत नाही. तिची रीडिंग जुळली नाहीत तर तिला चौथं घ्यायचं असतं. त्यामुळे तिला गुण कमी पडतात. रीडिंग का जुळत नाही, हे तिला शिकायचं आहे आणि ते आमच्याकडं शिकायला मिळत नाही. म्हणून तिला आपल्याकडं घ्यावं, अशी माझी शिफारस आहे.'

खाली माझी सही. शिक्का सरळ आणि ठळक, एरवी तो कधी इतका नीट उमटत नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. 'आम्ही चालवून घेतो' या ओळीवर थोडा घाम आला, पण कानात मॅडमचा आवाज होता. छाती लागते हो. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "विद्यापीठातून फोन होता. माझं एक पत्र फार गाजतंय तिकडं." पुढचे सात-आठ दिवस त्या पत्राचा लेखक मीच होतो. ते सुख फुकट होतं, आणि फुकटचं मला कधी सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदा जिन्यात भेटली.

"सर, मॅडमचा फोन आला होता म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबू म्हणाले."

"आला होता. तुझं काम झालं समज."

तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि सोडले. "खरंच सर? पत्र आवडलं त्यांना?"

"आवडलं."

"आता तरी तुम्ही वाचलं ना सर?"

"वाचलं."

"काही चुकलं नाही ना त्यात? मला रात्री झोप नव्हती. म्हटलं, लॅबबद्दल लिहिलं ते सरांना आवडतं की नाही."

"नाही, काही चुकलं नाही," मी म्हणालो आणि त्या क्षणी ते मनापासून म्हणालो. तिथंच ती वाकून माझ्या पाया पडली. जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची अडचण झाली.

आठ-नऊ दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य देवतळे गोल, हसतमुख माणूस. कुणाचं वाईट चिंतणारे नव्हते, फक्त त्या वर्षी कॉलेजात एम.एस्सी. सुरू करायचा प्रस्ताव त्यांनी विद्यापीठाकडं लावला होता आणि पाहणी समिती अठरा तारखेला येणार होती. मान्यता मिळाली तर पदव्युत्तर विभागाचा प्रमुख मी.

त्यांच्या टेबलावर त्या पत्राची एक प्रत होती. आमच्या फाईलमधली नव्हे.

"धांडे, हे काय हो? मला विद्यापीठातून फोन. म्हणे, तुमचे विभागप्रमुख लेखी देतात की आमच्याकडं रीडिंग खोटी लिहितात, आणि तुम्ही एम.एस्सी. मागता? मॅडमनी कौतुकानं दाखवलं असेल हो कुणाला तरी. पण कागद फिरतो, कौतुक त्याच्याबरोबर फिरत नाही. हे तुम्ही लिहिलंत?"

मी कागदाकडं बघत राहिलो. 'हो' म्हटलं तर प्रस्ताव अडकला असता आणि त्याबरोबर मीही. 'मुलीनं लिहिलं, मी न वाचता सही केली' म्हटलं तर विभागप्रमुख न वाचता सह्या करतो, हे समितीच्या तोंडावर कबूल करणं होतं. तिसरं उत्तर मला सुचलं नव्हतं, ते देवतळे सरांनीच दिलं.

"सही तुमची आहे, हे दिसतंय," ते म्हणाले. "मजकूर हाच होता?"

"सही केली तेव्हा हा मजकूर बघितल्याचं आठवत नाही सर."

"म्हणजे मजकूर नंतर बदलला?"

"तसं म्हणता येईल."

"येईल की येतं?"

वर पंखा करकरत होता.

"येतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कुंदा आली ती आईला घेऊन. आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळची एस.टी. पकडून आली होती, हातात कापडी पिशवी. प्राचार्यांनी तिला बसा म्हटलं, तर ती खुर्चीच्या कडेवर टेकली. कुंदा उभी राहिली. मी खिडकीपाशी.

"हे बघ बेटा," देवतळे सर मऊ आवाजात म्हणाले, "सरांची सही झाल्यावर तू या पत्राचा मजकूर बदललास का?"

"नाही सर." ती दचकली नाही, तिला प्रश्नच कळला नव्हता. "सही केली तेव्हा हाच होता."

"सर म्हणतात, त्यांनी हा मजकूर पाहिलाच नव्हता."

"हो, तेव्हा नव्हता पाहिला. मी म्हणाले होते सरांना, वाचून घ्या. ते घाईत होते. पण नंतर वाचला ना त्यांनी. जिन्यात म्हणाले मला, काही चुकलं नाही म्हणून." ती माझ्याकडं वळली. "हो ना सर?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. एखादा आकडा चुकीचा उतरवला गेलाय आणि सर आता तो दुरुस्त करतील, असाच भाव होता.

"तिचा काहीतरी गैरसमज झालाय," मी प्राचार्यांना म्हणालो.

आई म्हणाली, "सर, काय केलं हो माह्या पोट्टीनं? चोरी केली का?"

"चोरी नाही बाई. कागदात फेरफार."

"म्हंजे चोरीच झाली न." तिनं पदर सारखा केला. "थे असं नाई करत सर. घरी थे मले दुधात पाणी घालू देत नाई."

"मान्य आहे हो. लहान आहे, मोठ्या जागेचा मोह झाला. मी काही तिचं नुकसान करणार नाही. एक माफीनामा लिहून दे म्हणावं, विषय संपला. नाहीतर मला परीक्षा विभागाला कळवावं लागेल, आणि परीक्षा महिन्यावर आलीये."

कुंदानं टेबलावरचा कागद ओढला, पटापट लिहिलं आणि दिला. देवतळे सरांनी मोठ्यानं वाचला: "'पत्र मी लिहिले. सरांनी सही केली. सरांनी वाचले नव्हते. याबद्दल मी माफी मागते.'" त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले. "अगं, ही माफी आहे का? ही तर सरांची तक्रार झाली."

"एवढंच झालंय सर."

"लिहून दे वं माय," आई हळूच म्हणाली. "ते म्हंतात तसं लिहून दे. परीक्षा दे अन् घरी चाल."

"मले नाही लिहिता येत आई तसं." पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. मग तिनं नवा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहिते."

देवतळे सरांनीही माझ्याकडं बघितलं. "सांगा धांडे. मोकळं करा पोरीला."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. 'मी, कुमारी कुंदा तायवाडे, असे लिहून देते की, प्राध्यापक धांडे यांनी सही केल्यानंतर...' इथं तिचं पेन थांबलं.

"सर, 'नंतर' लिहू?"

"लिही."

तिनं लिहिलं. '...सही केल्यानंतर मी पत्राचा मजकूर त्यांच्या परवानगीशिवाय बदलला. यात सरांचा काही दोष नाही.' अक्षर सुंदर होतं, एकही खाडाखोड नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या विद्यार्थ्यासाठी शब्द न् शब्द मी स्वतः रचलेला तेवढाच कागद. सही करण्याआधी तिनं तो सावकाश वाचून काढला.

देवतळे सरांनी त्याच दिवशी कॉलेजचं पत्र पाठवलं: शिफारस मागे घेण्यात येत आहे, सोबत विद्यार्थिनीचा माफीनामा. मला वाटलं, चला, पोरीची परीक्षा वाचली, प्रस्ताव वाचला. इंटर्नशिप तेवढी गेली. एकशे चाळिसातल्या दोघांना ती मिळणार होती, म्हणजे ती जायचीच शक्यता जास्त, असाही हिशेब मी करून पाहिला.

चार दिवसांनी चौबळ मॅडमचा फोन आला.

"धांडे सर, तुमच्या कॉलेजचं पत्र मिळालं. म्हणजे ते पहिलं पत्र तुमचं नव्हतं?"

"नव्हतं मॅडम."

"तुम्ही तर म्हणालात, स्वतः लिहिलं."

"तेव्हा जरा गैरसमज..."

"असू दे. कोणी लिहिलं होतं? तिनं?"

"हो."

"सगळं? ते चौथ्या रीडिंगचंसुद्धा?"

"हो."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर, त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला असतात ना की मॅडम, पत्र पोरीनं लिहिलंय आणि मी न वाचता सही ठोकलीय, तर मी हसले असते. निम्मी पत्रं अशीच येतात, मला काय माहीत नाही का? आणि तिला घेतलंच असतं. उलट यादीत पहिलं नाव घातलं असतं. असं पत्र स्वतःबद्दल लिहिणारी पोरगी कुठं मिळते?"

"मग मॅडम, अजूनही..."

"अजूनही काय? तिच्या हातचा कबुलीजबाब माझ्या फाईलला आहे. 'सही केल्यानंतर मजकूर बदलला.' प्रयोगशाळेत मी सगळं चालवून घेईन, हे नाही. पण मला तो कागद वाचून कसंतरी होतंय. त्या पत्रातली पोरगी आणि या माफीनाम्यातली पोरगी एक वाटत नाहीत. म्हणून शेवटचं विचारते. यादी अजून माझ्या हातात आहे. हा माफीनामा खरा आहे?"

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि समोरच्या लॅबमध्ये नवी बॅच टायट्रेशन करत होती.

"त्यावर तिची सही आहे मॅडम," मी म्हणालो.

"पहिल्यावर तुमचीही होती," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

समिती आली, जेवली, समाधानी होऊन गेली. पुढच्या वर्षी एम.एस्सी. सुरू झालं. देवतळे सर त्या श्रेयावर सत्कार घेऊन निवृत्त झाले. मला वेगळी खोली मिळाली आणि दारावर पितळी पाटी. चौबळ मॅडमनी कुंदाच्या जागी एक मुलगा घेतला. तो तीन आठवड्यांत कंटाळून घरी गेला, असं मी नंतर एका बैठकीत ऐकलं. मॅडम त्याच बैठकीत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण ओळख दिली नाही. तेवढीच काय ती माझी झीज.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक फॉर्म मी कुंदासाठी बाजूला काढून ठेवला होता. तिला निरोपही धाडला होता. ती आली नाही. पुढं लग्न होऊन ती तेलंगणाच्या बाजूला गेल्याचं कळलं. पाण्यावरचं ते काम मॅडमनी दुसऱ्या जिल्ह्यातली गावं घेऊन पुरं केलं. तिच्या गावाचं नाव त्यात कुठं नव्हतं. मी तो अहवाल मागवून दोनदा पाहिला.

त्याआधी, २००९च्याच जूनमध्ये बी.एस्सी.चा निकाल लागला, तेव्हा मात्र ती आली होती. माझ्या घरी, आईबरोबर. सेकंड क्लास. बायकोनं चहा टाकला. मी तिला बस म्हणालो, पुढं काय करणार विचारलं. "बघू सर," म्हणाली. मला तेव्हा बोलता आलं असतं. बायको स्वयंपाकघरात होती, बाहेर कोणी नव्हतं, प्राचार्य नव्हते, समिती येऊन गेलेली होती. बोलण्यात माझं काही जाणार नव्हतं. मी निकालाची टक्केवारी विचारली.

तिनं पिशवीतून पुडा काढला. "पेढा घ्या सर," म्हणाली. मी एक घेतला. "आणखी एक घ्या," आई म्हणाली, "तुमच्याच कृपेनं पास झाली." मी दुसराही घेतला.

असा तो मामला मिटला. कॉलेजला मान्यता मिळाली, प्राचार्यांना सत्कार, मला खोली. भरलं ते कुंदानं, एकटीनं, आणि वर पेढेही तिनंच वाटले.